शंभर टन आणि केसभर

पोलादाचा एक दंडगोल ठोकळा डोळ्यांसमोर आणा. व्यास दहा सेंटीमीटर, उंचीही तेवढीच, वजन सहा किलोच्या थोडं वर. त्याच्यावर आता १०० टन भार ठेवायचा, म्हणजे माल भरलेले दोन मोठे ट्रेलर. ठोकळा मोडणार नाही की चेपटणार नाही. पण तो दबेल. किती दबेल ते कागदावर काढता येतं, आणि उत्तर येतं साधारण ०.०६ मिलिमीटर. माणसाचा केस जवळपास तेवढाच जाड असतो. भार उतरवला की ठोकळा पुन्हा केसभर उंच होतो, आणि बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

५० टन ठेवले तर तो याच्या निम्मा दबतो. आणि गंमत म्हणजे १ किलोचं वजन ठेवलं तरी दबतोच. फक्त ते दबणं लोखंडाच्या दोन-तीन अणूंच्या जाडीइतकं असतं. कुठल्याही भाराला पोलाद ‘हे माझ्या खिजगणतीत नाही’ असं म्हणत नाही. हा प्रामाणिकपणा रॉबर्ट हुक यांच्या लक्षात आला, तेव्हा शोधाचं श्रेय दुसऱ्याने पळवू नये म्हणून १६७६ साली त्यांनी ‘जेवढा भार तेवढं दबणं’ हा नियम अक्षरं उलटीसुलटी करून कोड्यासारखा छापला आणि दोन वर्षांनी त्याची उकल जाहीर केली. आज जगातली बहुतेक वजनयंत्रं, क्रेनवरचे काटे आणि रॉकेटचा रेटा मोजणाऱ्या बैठका या एकाच नियमावर चालतात. बल सहसा कुणी थेट मोजत नाही. बहुतेक सगळे लांबी मोजतात.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या माणसाने हे हाताळलेलं आहे. मातीच्या प्रयोगशाळेत यंत्राच्या मधोमध बसवलेली पोलादी कडी आणि तिच्या पोटात बसवलेलं डायल गेज, म्हणजेच प्रूव्हिंग रिंग. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये व्हिटमोर आणि पेट्रेन्को यांनी १९२७च्या सुमारास ती तयार केली. कडी दाबली की लंबगोल होते, डायलचा काटा सरकतो आणि तक्त्यावरून बल वाचता येतं. साधी, देखणी वस्तू. पण तिला एकच दिशा कळते. तिला थोडं तिरकं ढकला, पिळा, एका बाजूने उचला. ती काहीतरी आकडा दाखवेल, आणि तो आकडा कशाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

खऱ्या यंत्रांमध्ये बल कधी सरळ येत नाही. खंबाटकी घाट उतरणाऱ्या ट्रकच्या एका चाकाचा विचार करा. गाडीचा भार खाली दाबतोय. ब्रेकमुळे रस्ता चाकाला मागे ओढतोय. वळणामुळे आडवा रेटा आहे. ही झाली तीन बलं. शिवाय ब्रेक चाकाच्या आसाभोवती पीळ देतोय, आडवा रेटा जमिनीलगत लागत असल्यामुळे चाकाला कलंडवणारा दुसरा पीळ आहे, आणि टायरचा जमिनीला चिकटलेला भाग थोडा मागे सरकलेला असल्यामुळे चाकाला स्टिअरिंगच्या आसाभोवती फिरवू पाहणारा तिसरा. सहा संख्या. कुठल्याही घन वस्तूवर कुणीही, कुठूनही, कितीही हातांनी रेटा दिला, तरी त्याचा एकूण परिणाम या सहा संख्यांत मांडता येतो. सातवी लागत नाही आणि पाचांत भागत नाही. मला हे विधान आजही थोडं अविश्वसनीय वाटतं.

हे सहाच्या सहा आकडे एकाच वेळी, एकाच तुकड्यातून, टनांच्या भाराखाली वेगवेगळे काढून देणारा सेन्सर बनवायचा, असा हा उद्योग आहे.

त्यासाठी आधी केसभर हालचाल वाचता आली पाहिजे, तीही धातूच्या एखाद्या नखाएवढ्या जागेत. लॉर्ड केल्व्हिन या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५६ साली दाखवून दिलं होतं, की तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो. या निरीक्षणातून रोजच्या वापराचं उपकरण निघायला सुमारे ८० वर्षं गेली, आणि निघालं तेव्हा अमेरिकेच्या दोन टोकांना दोन माणसांच्या हातून १९३८च्या सुमारास निघालं. एमआयटीत आर्थर रूज भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांचं काय होतं याचा अभ्यास करत होते. त्यांची प्रतिकृती इतक्या पातळ पत्र्याची होती, की कुठलंही मापक लावलं तरी मोजायच्या गोष्टीपेक्षा मापकच अवजड ठरावं. शेवटी त्यांनी बारीक तार थेट पत्र्यावर चिकटवून टाकली. पत्रा ताणला की तार ताणली. तिकडे कॅलिफोर्नियात कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स यांना हातोड्याच्या आघाताचं बल मोजण्यासाठी हीच युक्ती सुचली होती.

एमआयटीच्या पेटंट समितीने रूज यांच्या शोधाला व्यापारी महत्त्व फारसं नाही असं ठरवून हक्क त्यांनाच देऊन टाकले. कॅलटेकने मात्र सिमन्सशी हक्कांवरून भांडण काढलं. रंगीबेरंगी घट्ट विजारी घालून पॅसाडेनाच्या रस्त्यांवर हिंडणारा हा विक्षिप्त गृहस्थ कोर्टात गेला, आणि १९४९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. एमआयटीला तरी त्या इवल्याशा तारेची किंमत कळली नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

त्या तारेचं आजचं रूप म्हणजे स्ट्रेन गेज: नागमोडी कापलेला, काही मायक्रॉन जाडीचा धातूचा वर्ख. बहुधा कॉन्स्टंटन, म्हणजे तांबं आणि निकेल यांचा मिश्रधातू, प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर बसवलेला. वर सांगितलेल्या ठोकळ्यावर असं ३५० ओहमचं गेज उभं चिकटवलं आणि १०० टन ठेवले, तर रोध बदलतो अर्ध्या ओहमहून कमी. आणि ठोकळ्यावर नुसतं ऊन पडून तो एक अंशाने तापला, तरी तो इतका फुगतो की ते प्रसरण पूर्ण भाराच्या दाबाच्या दोन टक्के भरतं. म्हणजे काहीच न करता, सकाळची दुपार झाली की दहा अंशांच्या फरकाने २० टन भार ‘आला’ किंवा ‘गेला’ असं वाटू शकतं.

इथे व्हीटस्टन ब्रिज मदतीला येतो. मूळ कल्पना १८३३ साली सॅम्युअल ख्रिस्टी यांची. चार्ल्स व्हीटस्टन यांनी दहा वर्षांनी ती लोकांपर्यंत नेली आणि नाव त्यांचं लागलं. चार रोध चौकोनात जोडायचे, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना वीज द्यायची, उरलेल्या दोन कोपऱ्यांत फरक बघायचा. शेजारच्या दोन भुजांमधले बदल एकमेकांतून वजा होतात, समोरासमोरच्या भुजांमधले मिळवले जातात. चारही गेज सारखी तापली तर उत्तर शून्य. या जोडणीत ना चिप आहे ना प्रोग्रॅम. बेरीज-वजाबाकी तारांच्या मांडणीतच होऊन जाते.

आता त्या ठोकळ्याकडे परत बघा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी चार उभी गेज लावली. चौघांची बेरीज घेतली तर उभा भार मिळतो. डाव्यातून उजवं वजा केलं तर ठोकळा कुठल्या बाजूला वाकतोय ते कळतं आणि उभा भार त्या उत्तरातून पार नाहीसा होतो. पुढच्यातून मागचं वजा केलं तर दुसऱ्या दिशेचं वाकणं. धातू तोच, गेजही तीच. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. आणखी काही गेज ४५ अंशांत तिरकी लावली तर पीळ आणि आडवा रेटाही वाचता येतो. म्हणजे तत्त्वतः या सहा किलोच्या ठोकळ्यातूनच सहाही संख्या मिळाल्या. मग अडलं कुठे?

अडतं ते प्रमाणात. हाच ठोकळा, वर १०० टन, आणि बाजूने फक्त १ टनाचा रेटा. उभ्या भाराने उभ्या गेजमध्ये दर दहा लाख भागांमागे ६२५ भागांचा बदल होतो. आडव्या रेट्याने तिरक्या गेजमध्ये होतो जेमतेम १०. बरं, ते तिरकं गेज चिकटवणाऱ्याचा हात एक अंशाने चुकला, ४५ऐवजी ४६ अंशांवर बसला असं समजा. तेवढ्या चुकीमुळे १०० टनांच्या उभ्या भारातला सुमारे १४ भागांचा बदल त्या गेजमध्ये झिरपतो. म्हणजे बाजूने कुणी बोटही लावलेलं नसताना सेन्सर सांगणार, की आडवा १.४ टनांचा रेटा आहे. एका अंशात. ढोलताशा पथकाच्या मधोमध उभं राहून शेजाऱ्याच्या मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकायची, असं हे काम आहे.

एका दिशेचा भार दुसऱ्या दिशेच्या उत्तरात झिरपण्याला या धंद्यात क्रॉसटॉक म्हणतात. हलक्या कामाच्या सेन्सरमध्ये, उदाहरणार्थ छोट्या रोबोच्या मनगटात, सहाही दिशांचे भार साधारण एकाच पट्टीतले असतात. तिथे एक टक्का क्रॉसटॉक म्हणजे एक टक्का चूक. अवजड यंत्रात एक दिशा राक्षसासारखी आणि बाकीच्या पाच तिच्या सावलीत असतात. राक्षसाचा एक टक्का म्हणजे शेजाऱ्याचं सर्वस्व. लोकांना वाटतं, मोठ्या भारासाठी तोच सेन्सर जाडजूड केला की झालं. जाड केला की मोठा भार पेलतो खरा, पण बारीक दिशा बधिर होतात. सगळ्यांना पुरेल इतका ताठ आणि दुबळ्यातल्या दुबळ्याला कळेल इतका मऊ, असा एकच तुकडा घडवायचा, आणि तेही दोन्ही गुण वेगवेगळ्या दिशांना ठेवून. त्यामुळे या सेन्सरची रचना म्हणजे मुख्यतः कुठून धातू काढून टाकायचा याचा विचार असतो.

एक प्रसिद्ध आकार आहे चार आऱ्यांचा: मध्ये तुंबा, बाहेर कडी, दोघांना जोडणाऱ्या चार पट्ट्या. १९७०च्या दशकात रोबोंच्या मनगटांत तो रुजला आणि अजून टिकून आहे. पट्ट्या वाकतात, वाकणं गेज वाचतात. पण वाकण्यात एक गोम असते. पट्टीवर भार कुठे पडला यावर वाकण्याचं माप बदलतं. टेकूपासून दूर पडला तर जास्त, जवळ पडला तर कमी. म्हणून मोठ्या भारांसाठी डिझाइनर वाकण्याचा नाद सोडून कातरण्याकडे वळतात. पट्टीच्या दोन्ही कुशीत खोल खळगे कोरायचे, मध्ये पातळ पडदा ठेवायचा, त्यावर ४५ अंशांत गेज लावायची. भार पट्टीच्या टोकाकडे सरको की आत येवो, तो पडदा कातरला जातो तेवढाच. क्रेनच्या कप्पीतली लोड पिन हेच करते. बाहेरून ती साधी खीळ दिसते, आत भोक असतं, बाहेरून दोन खाचा आणि भोकाच्या भिंतींवर गेज. नेहमीची खीळ काढून ही घातली की क्रेनला स्वतःच्या हातातलं वजन कळायला लागतं. गेजचे दोन संच काटकोनात बसवले तर दोरखंड कुठल्या दिशेने ओढतोय तेही.

दुसरा रस्ता टायरच्या कारखान्यातून आला, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला तो सर्वांत सुंदर तुकडा आहे. बर्मिंगहॅममध्ये डनलॉपच्या कारखान्यात एरिक गॉफ यांना विमानाच्या आणि मोटारींच्या टायरांवर एकाच वेळी अनेक दिशांचे भार टाकून बघायचे होते. १९५४-५५च्या सुमारास त्यांनी एक यंत्र उभं केलं: खाली पाया, वर मंच, दोघांमध्ये तिरके सहा पाय. प्रत्येक पायाची लांबी बदलता येते. सहा पायांच्या लांब्या बदलल्या की मंच हव्या त्या दिशेला सरकतो, हव्या त्या दिशेला कलतो. पुढे १९६५ साली डी. स्टुअर्ट यांनी विमानाच्या सिम्युलेटरसाठी मंच सुचवणारा लेख लिहिला. त्यावरच्या चर्चेत गॉफ यांनी आपलं यंत्र आधीच चालू असल्याचं नोंदवलं. तरी नाव बराच काळ स्टुअर्ट यांचंच राहिलं. आता बरेचजण दोघांची नावं जोडून घेतात.

याच यंत्राला उलटं वाचलं की सेन्सर होतो. पाय हलवायचे नाहीत, ते काय सोसतात ते ऐकायचं. पायांच्या दोन्ही टोकांना मोकळे सांधे असतील, तर पायाला वाकवता किंवा पिळता येत नाही. तो फक्त दाबला किंवा ताणला जातो. म्हणजे प्रत्येक पायात एकच आकडा. सहा पाय, सहा आकडे, आणि वर हव्यात सहा संख्या. मधलं नातं नुसतं भूमितीचं: पाय कुठे टेकलेत आणि किती कललेत. मंचावर काहीही घडो, सहा खांबांना फक्त ‘किती दबलास’ एवढंच विचारायचं आणि त्यातून सगळी हकीकत पुन्हा उभी करायची.

पण भूमिती चुकली तर हे यंत्र आंधळं होतं. सहाही पाय सरळ उभे केले तर आडवा रेटा कुठल्याच पायात दिसणार नाही, आणि मोकळ्या सांध्यांमुळे मंचही कोलमडेल. पाय जास्त आडवे केले तर आडव्या दिशा स्पष्ट ऐकू येतात, पण उभा भार पेलायला तेच पाय अपुरे पडतात. कुठल्या कोनात थांबायचं हे यंत्राच्या कामावर ठरतं. त्यात मोकळा सांधा म्हणजे गोळा आणि वाटी. टनांच्या दाबाखाली त्यांच्यातलं घर्षण इतकं वाढतं, की बारीक बल तिथेच गिळलं जातं. म्हणून सांधाच काढून टाकतात. पायाची मान तासून बारीक करतात, ती लवते, घासत नाही. अर्थात त्या बारीक मानेतूनच अख्खा भार जायचा असतो.

गेजला सोडून देणाराही एक पंथ आहे. १८८० साली जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवलं, की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो. स्फटिकाची चकती कुठल्या कोनात कापली यावर ती कशाला दाद देणार हे ठरतं: एका कोनातली फक्त दाबाला, दुसऱ्या कोनातली फक्त घसरवणाऱ्या बलाला. अशा चकत्या एकावर एक ठेवायच्या, मध्ये एक बोल्ट घालून आधीच करकचून आवळायच्या, म्हणजे तीन दिशांचं बल एकाच चळतीत वेगळं होतं. आवळायचं अशासाठी, की आडवं बल चकतीकडून चकतीकडे घर्षणानेच पोचतं. इथली निवड धातूत कोरलेली नाही, अणूंच्या रचनेतच आहे. क्वार्ट्झ ताठही भलताच, त्यामुळे मोठ्या यंत्रात ठेवला तरी यंत्राचा कणा ढिला होत नाही. लालभडक लोखंडाचे प्रचंड गोळे प्रेसखाली धरणारे फोर्जिंग मॅनिप्युलेटर असतात. त्यांच्या मनगटासाठी चीनमध्ये डालियनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असे सहा दिशांचे क्वार्ट्झ सेन्सर बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत. तिथे आणखी एक युक्ती वापरतात: बहुतेक भार शेजारच्या जाड कडीतून जाऊ द्यायचा, स्फटिकांच्या वाट्याला थोडा हिस्सा ठेवायचा. क्वार्ट्झचं दुखणं एकच. आलेला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो. क्षणाचा धक्का तो उत्तम सांगतो, पण दिवसभर डोक्यावर ठेवलेलं ओझं त्याला विसरायला होतं.

पोलाद विसरत नाही, पण त्याच्याही खोडी आहेत. सेन्सर दोन तुकडे बोल्टने जोडून केला, तर मोठ्या भाराखाली जोडाची तोंडं एकमेकांवर काही मायक्रॉन सरकतात आणि परतताना वेगळ्या वाटेने येतात. चढताना ५० टनांना एक आकडा, उतरताना त्याच ५० टनांना दुसरा. म्हणून चांगला सेन्सर एकाच ठोकळ्यातून काढतात. पुण्या-पिंपरीकडच्या टूलरूममध्ये ज्याला सगळे वायरकट म्हणतात, त्या यंत्राची ठिणगी पाडणारी तार पोलादातून सुतासारखी रेघ कापत जाते, कातरणीचा दाब न देता. जिथे भार जास्त झाला की दोन भिंती एकमेकींना टेकाव्यात आणि नाजूक पट्टी वाचावी, अशा संरक्षक फटीही याच तारेने कापता येतात.

आणि एक करामत अशी, की ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ते पान पुन्हा उलटून बघितलं. भार ठेवून तसाच सोडला, तर पोलाद पुढची काही मिनिटं अगदी किंचित आणखी लवत राहतं. त्याने आकडा वर सरकतो. उलट गेजखालचा गोंद आणि प्लास्टिकचा पापुद्रा त्याच वेळात किंचित सैल पडतात, त्याने आकडा खाली सरकतो. गेज बनवणारे नागमोडी वर्खाच्या वळणांची लांबी बदलून हा सैलपणा कमीजास्त करू शकतात. तेव्हा ज्या धातूचा सेन्सर, त्याच्या खोडीला बरोबर पुरी पडेल एवढी उलटी खोड असलेलं गेज निवडायचं. दोन आळस एकमेकांना खाऊन टाकतात आणि आकडा जागेवर राहतो.

एवढं करूनही सहा वाटा पूर्ण वेगळ्या होत नाहीत. उरलेली भेसळ गणिताने काढावी लागते. सहा संकेत आत, सहा बलं बाहेर, मध्ये ३६ आकड्यांचं कोष्टक. भेसळ नुसती प्रमाणात नसली, तर प्रत्येक दिशेसाठी सहा भार, त्यांचे सहा वर्ग आणि जोडीजोडीचे १५ गुणाकार धरून २७ पदं लागतात. वाऱ्याच्या बोगद्यात विमानाच्या प्रतिकृतीला धरणारे तराजू असेच सहा दिशांचे असतात, आणि त्यांच्यासाठी ही असली कोष्टकं खरोखर वापरली जातात. अलीकडे हे काम न्यूरल नेटवर्कवर सोपवायची हौस वाढली आहे. माझं मत विचाराल तर जी वजाबाकी धातूत करता येते ती गणितावर ढकलू नये. धातूने केलेली वजाबाकी ज्या भारांची चाचणी झाली नाही त्यांनाही लागू पडते. शिकवलेलं गणित दाखवलेल्या उदाहरणांपलीकडे गेलं की काय करेल याची हमी नसते.

कोष्टकातले आकडे मिळवायचे तर खरे, माहीत असलेले भार टाकावे लागतात. आणि सर्वांत खरा भार म्हणजे टांगलेलं वजन. अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला राष्ट्रीय मापन संस्थेत १९६५ सालचं एक तीन मजली यंत्र आहे: स्टेनलेस स्टीलच्या प्रचंड तबकड्यांची चळत, एकेक तबकडी सुमारे २३ टनांची. एकेक करून त्या टांगल्या जातात आणि ४.४५ मेगान्यूटन, म्हणजे दहा लाख पौंडांचं बल मिळतं. नुसतं वस्तुमान माहीत असून भागत नाही. विषुववृत्तावर आणि ध्रुवावर गुरुत्वाकर्षणात अर्ध्या टक्क्याचा फरक आहे; १०० टनांवर तो अर्धा टन होतो. म्हणून त्या इमारतीतलं, त्या मजल्यावरचं गुरुत्व वेगळं मोजलेलं असतं. शिवाय तबकड्या ज्या हवेत बुडालेल्या आहेत, ती हवा त्यांना किंचित वर उचलते. तेही वजा.

पण वजन फक्त खालीच ओढतं. बाकीच्या पाच दिशांचं काय? पूर्वी दोऱ्या, कप्प्या आणि तरफा लावून आडवे भार द्यायचे, आणि प्रत्येक कप्पी आपली चूक घेऊन यायची. नासाच्या लँग्ली केंद्रातल्या लोकांनी हा प्रश्न फिरवून टाकला. वजन एकच, सरळ खाली टांगलेलं. फिरवायचं ते सेन्सरला. सेन्सर ३० अंश कलवला, तर त्याच्या दृष्टीने तेच वजन थोडं उभं, थोडं आडवं होतं. कोन अचूक मोजला की सगळे हिस्से अचूक मिळतात.

चाकाच्या सेन्सरला ही सोय आयतीच मिळते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. तिथल्यासारख्या चाचण्यांत चाकाच्या रिममध्ये सहा दिशांचा सेन्सर बसवून गाडी खडबडीत रस्त्यांवरून नेतात, आणि नंतर तेच धक्के प्रयोगशाळेत गाडीला पुन्हा पुन्हा देतात. हा सेन्सर चाकाबरोबर फिरतो, त्यामुळे गाडीचा स्थिर भारसुद्धा त्याला दर फेरीत एकदा वर, एकदा खाली असा लाटेसारखा दिसतो. चाक कुठल्या कोनात आहे हे मोजणारं दुसरं यंत्र त्या लाटेतून ‘खाली’ कुठे आहे ते परत शोधून काढतं. आणि उरलेल्या आकड्यात फेरीच्या तालावर डुलणारं काही दिसलंच, तर संशय आधी सेन्सरवर घ्यायचा, कारण रस्त्याला चाकाचा कोन ठाऊक नसतो. म्हणून चाचणीआधी शून्य ठरवताना गाडी जॅकवर उचलतात आणि चाक हवेत सावकाश फिरवतात. चाकाचं वजन ज्या दिशांत उमटतं त्यांतून एकदा अधिक, एकदा उणं होऊन जातं. पूर्ण फेरीची सरासरी काढली की जे उरतं ते त्या त्या वाटेचं स्वतःचं शून्य. ते लिहून घेतात, जॅक काढतात आणि ट्रक रस्त्याला लागतो.